शोग्रेन आजारात तोंड सतत कोरडं पडतं. भरपूर पाणी प्यायल्याने भागेल का?

नाही, नुसत्या पाण्याने भागत नाही. लाळग्रंथी थोड्याफार चालू असतील तर त्यांच्याकडूनच लाळ काढून घ्यावी लागते. या आजारात शरीराच्या संरक्षक पेशी लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करतात. पाणी घशाखाली गेलं की तोंड पुन्हा कोरडंच, कारण लाळेतला बुळबुळीतपणा आणि दात जपणारी खनिजं पाण्यात नसतात. मी दंतवैद्य आहे, आणि अशा रुग्णांच्या दातांना हिरडीलगत किती झटपट कीड लागते ते रोज पाहतो. म्हणून:

- साखर नसलेलं, झायलिटॉलचं (दात न किडवणाऱ्या गोडव्याचं) च्युइंगम चघळा. लिंबाच्या गोळ्या, चिंच, आवळासुपारी नको. लाळ सुटते खरी, पण आम्लाने दात झिजतात.
- पाणी घटाघटा नको, घोट घोट घ्या. रात्री तोंडात लावायची लाळेसारखी जेल मिळते.
- जास्त फ्लोराइडची टूथपेस्ट दंतवैद्याकडून लिहून घ्या.
- जीभ लाल होऊन झोंबत असेल तर बुरशी असू शकते, ती दाखवा.

एवढ्यानं भागलं नाही तर लाळ वाढवणारी पायलोकार्पिनची गोळी असते, बहुधा ५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीन-चार वेळा. घाम फार येतो, ही तिची नेहमीची कटकट. मात्र आटोक्यात नसलेला दमा किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर ती चालत नाही, त्यामुळे या आजारावर उपचार करणाऱ्या संधिवाततज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नका. सर्दीच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्याही त्यांना सांगा. कोरडेपणा कधी कधी त्या गोळ्यांनीच वाढवलेला असतो.