अडॅटच्या चॅनेलवर ‘टिक टिक’ येतंय? पीस बदलू नका, क्लॉक बघा

तुमच्या प्रश्नातली लक्षणं परत मांडतो, कारण उत्तर त्यांच्यातच आहे. नौपाड्यातलं भजनी मंडळ. आठ माइकचा यूएसबी इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा, आधीपासून होता. आणखी आठ माइकसाठी आता अडॅटवाला कन्व्हर्टर घेतलात, म्हणजे आठ माइकचा आवाज डिजिटल करून एकाच ऑप्टिकल केबलने इंटरफेसला देणारा दुसरा डबा. मध्ये एक ऑप्टिकल केबल. पहिले आठ चॅनेल स्वच्छ, नऊ-दहा मुके, अकरापासून पुढे आवाज येतो पण साधारण सेकंदाला एकदा ‘टिक’. दुकानदार म्हणतो पीस खराब आहे, बदलून देतो.

बदलू नका. पीस चांगला दिसतोय.

नऊ-दहाचं आधी उरकतो. तुमच्या इंटरफेसला अठरा इनपुट असणार: आठ माइकचे, दोन एसपीडिफचे (ही दोन चॅनेलची वेगळी डिजिटल जोडणी), मग आठ अडॅटचे. नऊ-दहा एसपीडिफचे आहेत आणि तिथे तुम्ही काही लावलेलंच नाही, मग वाजणार काय? कन्व्हर्टरचा पहिला माइक अकरावर, आठवा अठरावर. रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ऑडिओ डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये शेवटचा इनपुट १८ पर्यंत आहे ना तेवढं बघा. तिथे १६ असेल तर शेवटचे दोन माइक शोधत बसाल.

आता टिकटिक. प्रत्येक डिजिटल डब्यात स्वतःचं घड्याळ, म्हणजे क्लॉक, असतं. ४८ किलोहर्ट्झ या सॅम्पल रेटला ते सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची तेवढी मोजमापं, घेतं. दोन डब्यांची दोन घड्याळं अगदी तंतोतंत कधीच चालत नाहीत. ४८,००० मागे एकाचा फरक पडला तरी सेकंदाला एक सॅम्पल जास्त होतं नाहीतर कमी पडतं. ते जिथे गळतं तिथे लाट तुटते आणि आपल्याला ‘टिक’ ऐकू येतं. भजनात लय पखवाजवाल्याची, बाकीच्यांनी त्याच्या मागे जायचं. तुमच्याकडे सध्या दोन पखवाजवाले बसलेत आणि दोघेही आपलंच खरं म्हणतायत.

ही टिकटिक ओळखायची खूण सोपी आहे. ठरावीक अंतराने आणि फक्त कन्व्हर्टरच्या चॅनेलवर आली तर क्लॉक. कधीही, कशीही आणि सगळ्याच चॅनेलवर आली तर कॉम्प्युटरला झेपत नाहीये, तिथे सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे कॉम्प्युटरला मिळणारी उसंत, वाढवायचा. तुम्ही बफर १०२४ केलात आणि काही फरक पडला नाही म्हणता, त्यावरूनच मला खात्री झाली.

सध्या तुमच्याकडे एकच केबल आहे, कन्व्हर्टरच्या आउटमधून इंटरफेसच्या इनमध्ये. मग कन्व्हर्टरला मालक करा, म्हणजे दोघांनाही त्याचंच घड्याळ: त्याच्या मागचा सिंकचा स्विच इंटर्नल ४८ वर, आणि इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये क्लॉक सोर्स ‘इंटर्नल’वरून ‘अडॅट’वर. लॉक किंवा सिंक असं काहीतरी दिसलं की झालं. पैसा खर्च नाही. त्रास एवढाच की उद्या एकट्या बुवांचा आवाज घ्यायचा असला तरी कन्व्हर्टर चालू ठेवावा लागेल, नाहीतर इंटरफेस घड्याळाविना अडून बसेल.

मी स्वतः उलटं लावतो. इंटरफेस मालक, दुसरी ऑप्टिकल केबल त्याच्या आउटमधून कन्व्हर्टरच्या इनमध्ये, आणि कन्व्हर्टरचा स्विच ‘अडॅट इन’वर. दोन्ही डब्यांना वर्डक्लॉकचं, म्हणजे फक्त घड्याळाचा सिग्नल नेणारं, गोल बीएनसी सॉकेट असेल तर त्यानेही होतं. केबल मात्र ७५ ओमची हवी. सीसीटीव्हीवाल्याकडे बीएनसी लावलेली आरजी-५९ मागा, लॅमिंग्टन रोडपर्यंत जायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे जुळवा: सॅम्पल रेट. यात मी स्वतः फसलोय. कळव्याला एका सोसायटीच्या हॉलमध्ये पूर्ण भजन घेतलं. कन्व्हर्टर मालक होता आणि ४८ वर होता, सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट ४४.१ चा. माझ्या जुन्या इंटरफेसने चकार शब्द काढला नाही. टिकटिकही नाही, कारण घड्याळ एकच होतं. घरी येऊन लावतो तर पेटी काळी दोनची, आणि ऐकू येतेय काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी. दहा मिनिटांचा अभंग जवळजवळ अकरा मिनिटांचा झालेला. बुवा ऐकून म्हणाले, “हा कोण म्हातारा गातोय?” नुकसान काहीच झालं नव्हतं, फायलींवर फक्त चुकीचा रेट छापला गेला होता. तो ४८ केला आणि बुवा पुन्हा तरुण झाले. पण ती रात्र काही झोप लागली नाही.

९६ किलोहर्ट्झच्या फंदात पडू नका. एका ऑप्टिकल केबलमधून ४८ पर्यंत आठ चॅनेल जातात, ९६ ला चारच. अडॅटचा हा साचा अलेसिस कंपनीने १९९१ मध्ये आणलेल्या आठ ट्रॅकच्या टेप मशीनसोबतचा आहे. ते मशीन एस-व्हीएचएस कॅसेटवर रेकॉर्ड करायचं. मशीन गेलं, त्याची तार राहिली.

कधी कन्व्हर्टरकडून काहीच आलं नाही तर दोन जागा बघा. बऱ्याच इंटरफेसवर तेच ऑप्टिकल पोर्ट एसपीडिफ म्हणूनही चालतं आणि पॅनेलमध्ये ‘अडॅट’ निवडावं लागतं. दुसरं, केबलच्या टोकाची ती इवलीशी पारदर्शक टोपी. हसू नका, ती दिसत नाही. केबल आउटमध्ये खोचा आणि दुसरं टोक तळहातासमोर धरा, लाल ठिपका पडायला हवा. केबल पाच मीटरच्या आत ठेवा आणि गुंडाळताना मुडपू नका.

माइकची वाटणी विचार करून करा. अडॅटवरून येणारा आवाज इंटरफेसच्या आवाजापेक्षा काही सॅम्पल मागे असू शकतो. ४८ सॅम्पल म्हणजे एक मिलिसेकंद, म्हणजे माइक एक फूटभर मागे सरकवल्यासारखं. टाळकऱ्यांना त्याने काही होत नाही. पण दायां एका डब्यात आणि बायां दुसऱ्यात गेला तर तबला पोकळ वाजतो, आणि मग आपण उगाच इक्यू फिरवत बसतो. तबल्याचे दोन्ही माइक, पखवाजाच्या दोन्ही बाजू, जोडीचं जे काही असेल ते एकाच डब्यात. मी बुवा, पेटी आणि तबला इंटरफेसवर घेतो, कोरस आणि टाळ कन्व्हर्टरवर. टाळांचा गेन, म्हणजे माइकची पातळी, मात्र हात आखडून ठेवा. तालमीत मीटरवर उणे वीस डेसिबलला दिसणारा टाळ गजराला थेट लाल होतो.

हॉलमध्ये घूं असा आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला तर सगळं एकाच भिंतीच्या सॉकेटवरून, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. स्टेजच्या दोन बाजूंच्या दोन सॉकेटवरून घेतलं की अर्थिंगचा लूप होतो. प्लगची तिसरी पिन काढायचा सल्ला कोणीतरी हमखास देईल, तो अजिबात ऐकू नका.

डिस्कमध्ये जागा ठेवा: १६ चॅनेल, २४ बिट, ४८ ला तासाला सव्वाआठ जीबीच्या आसपास. प्रत्येक माइकची वेगळी मोनो फाइल ठेवा. सोळाही एकाच वेव्ह फाइलमध्ये घेतलेत तर साध्या वेव्हची चार जीबीची मर्यादा एकतीसाव्या मिनिटालाच येते, म्हणजे तुमची मंडळी अजून रूपाच्या अभंगातच असतील.

आज रात्री स्विच बदलून एकाच माइकवर दहा मिनिटं घेऊन बघा. लॉक दिसत असूनही टिकटिक राहिली, तर मात्र पॅनेलचा फोटो टाका आणि केबल कुठून कुठे लावलीय ते लिहा.