वाचकांचे प्रश्न : निकीतिन म्हणजे कोणाचा?

प्रश्न : कोकणात रेवदंड्याला अफनासी निकीतिन या रशियन प्रवाशाचं स्मारक आहे. हे आडनाव कशावरून पडलं? आमच्या नातीचं नाव निकिता, म्हणून शंका आली : ते आईच्या नावावरून तर आलं नसेल? आणि त्याच घरातली बाई 'निकीतिना' कशी?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आईवरून नाही. रशियात निकीता हे पुरुषाचंच नाव. सोव्हिएत नेते निकीता ख्रुश्चोव्ह आठवा. मूळ ग्रीक, अर्थ 'विजेता'. आपल्याकडे ते मुलींना ठेवतात, म्हणून गल्लत होते.

आडनाव उलगडताना आधी शेवटचा प्रत्यय काढा आणि उरलेलं नाव बघा. नाव 'आ'ने संपत असेल तर 'इन' लागतो : निकीता–निकीतिन, फोमा–फोमिन, इल्या–इल्यिन. व्यंजनाने संपत असेल तर बहुधा 'ओव्ह' किंवा 'एव्ह' : इवान–इवानोव्ह, सेर्गेय–सेर्गेयेव्ह. दोन्ही प्रत्ययांचं काम आपल्या 'चा'सारखं. निकीतिन म्हणजे निकीताचा. मुलगी किंवा पत्नी असेल तर निकीताची, म्हणजेच निकीतिना. त्यामुळे रशियन कागदपत्रांत भावाबहिणीची आडनावं वेगळी दिसली तर ती चूक समजून फॉर्मवर 'सुधारू' नका. पासपोर्टवर असेल तेच अक्षरशः उतरवा. 'एन्को'ने संपणारी आडनावं, उदाहरणार्थ शेव्हचेन्को, बायकांसाठीही तशीच राहतात.

'स्की'ची गोष्ट निराळी. तो पुष्कळदा गावावरून येतो. होळ गावचे ते होळकर, हे इंदूरकरांना सांगायला नको. तसे व्याझ्मावरून व्याझेम्स्की. मात्र प्रत्येक 'स्की'मागे गाव शोधू नका. उस्पेन्स्कीसारखी कितीतरी आडनावं चर्चच्या सणांवरून धर्मोपदेशकांच्या घराण्यांत आली.

आता खुद्द अफनासी. हा त्वेरचा व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला, जुन्नरला पावसाळ्यात राहिला, पुढे बीदरला गेला. आपल्या प्रवासवृत्तात तो स्वतःला 'मिकीताचा मुलगा' म्हणवतो ('मिकीता' हे निकीताचंच बोलीतलं रूप). म्हणजे त्याच्या बाबतीत हे वडिलांचं नाव आहे, पिढीजात आडनाव नव्हे. साध्या रशियन माणसाला तेव्हा आडनाव नसेच. शेतकऱ्यांत तर ते सर्रास झालं 1861 साली भूदास्य संपल्यानंतर. म्हणूनच आज भेटणारा एखादा निकीतिन या प्रवाशाचा वंशज असेल, असं निव्वळ आडनावावरून धरता येत नाही. निकीता नावाचे बाप रशियात गावोगावी होते.

उच्चारात जोर 'की'वर द्यावा.