जुन्या जेट बॉम्बरच्या मॉडेलचा फोटो मिळालाय, बाजूने काढलेला, सरळ पंख आहेत, पंखाखाली काहीच नाही आणि पाठीवर एक्झॉस्टची भोकं. बी-४५ असेल का?

नाही, बी-४५ नसावं. सरळ पंखाचा चार जेटवाला अमेरिकन बॉम्बर म्हटलं की सगळे तिकडेच जातात, पण बी-४५ची इंजिनं पंखाला जोडीजोडीने लावलेली असतात आणि शेपटीचे आडवे पंख चांगलेच वर उचललेले असतात. तुम्ही म्हणताय पंखाखाली काहीच नाही, हे वाचून मला लगेच बोइंग कंपनीचा मॉडेल ४३२ नावाचा आराखडा आठवला.

हे विमान कधी बनलंच नाही, त्यामुळे उडालेल्या विमानांच्या यादीत शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाही. बोइंगचा जेट बॉम्बर बी-४७ आपल्याला माहीत असतो पण त्याच्या आधीची पिढी कोणी बघत नाही. आधी होतं ४२४, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला पंख्याच्या इंजिनांचा बॉम्बर बी-२९ लहान करून पंखाखाली चार जेट लावलेले, विंड टनेलमध्ये, म्हणजे हवेच्या झोतातल्या चाचणीत, त्या इंजिनांमुळे ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, फार आला म्हणून ४३२ मध्ये इंजिनं धडात घातली. मग मे १९४५ मध्ये बोइंगचे जॉर्ज शायरर जर्मनीत गेले, मागे झुकलेल्या पंखांवरचं जर्मन संशोधन त्यांच्या हाती लागलं आणि त्यांनी तिथूनच सिएटलला पत्र लिहिलं. त्यातून ४४८ आलं, पंख झुकलेले पण इंजिनं अजून धडातच, वर आणखी दोन शेपटीकडे. एअर फोर्सला धडातली इंजिनं नको होती, एकाला आग लागली की सगळंच गेलं ना, म्हणून ४५० मध्ये ती पंखाखाली टांगली, आणि तेच एक्सबी-४७ (बी-४७चा पहिला नमुना) म्हणून १७ डिसेंबर १९४७ ला उडालं. मला तर हे मधले टप्पेच जास्त आवडतात, माणसं कुठे अडली ते त्यात दिसतं.

आता फोटो मोठा करून पोटाखाली बघा. तिथे धातूचा दांडा शिरलेला असेल, कॉकपिटच्या काचा नुसत्या काळ्या रंगवलेल्या असतील तर ते विंड टनेलचं मॉडेल. शोकेसमधलं असेल तर पंखावर अमेरिकन लष्करी विमानांची चांदणीची खूण असते आणि तिच्यावरून तारीख लागते: बाजूच्या पांढऱ्या पट्ट्या जून १९४३ पासून आल्या, त्या पट्ट्यांत लाल रेघ आली जानेवारी १९४७ मध्ये. लाल रेघ दिसली तर ४३२ विसरा, तोवर एक्सबी-४७ बनत आलं होतं. एखादा आकडा दिसत असेल तर तो उलटा नाही ना तेही बघा, निगेटिव्ह पालथी छापलेली असते कधीकधी.

आणि फोटो बाजूने काढलाय ना, मग पंख सरळच आहेत असं लगेच धरू नका, त्या कोनातून झुकलेला पंखही सरळ वाटतो. शेपटीचा भाग स्कॅन करून टाका, तिथे इंजिनांच्या खुणा असतील तर ते ४३२ नाही, ४४८ आहे.