बंद गॅरेजातल्या गाडीला वॅक्स किती वेळा?

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न कमी फिरणाऱ्या आणि बंद जागेत उभ्या असलेल्या गाड्यांच्या रंगाबद्दल होते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझी सात वर्षांची गडद निळी सेडान बंगल्याच्या बंद गॅरेजात असते. महिन्यातून दोन-तीनदाच बाहेर निघते. वॅक्सच्या डबीवर दर दोन महिन्यांनी लावा असं लिहिलंय. गाडीला ऊन लागतच नाही, तरी एवढ्या वेळा लावायचं का? (पुणे)

उत्तर : नको. वर्षातून दोनदा लावलं तरी भरपूर झालं. डबीवरचा हिशोब रोज फिरणाऱ्या, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा असतो. वॅक्स ऊन, पाऊस, रस्त्यावरचं तेलकट काळं आणि वारंवारचं धुणं-पुसणं यांनी झिजतं. यातलं पहिलं तुमच्या गाडीला जवळजवळ नाहीच आणि बाकीचं अगदी थोडं. रस्त्यावर उभ्या गाडीवर कार्नाबा (ताडासारख्या झाडाच्या पानांपासून मिळणारं) वॅक्स दीड-दोन महिने टिकतं, तेच गॅरेजातल्या गाडीवर चार ते सहा महिने सहज काढतं. पॉलिमरचं सिंथेटिक सीलंट (वॅक्सऐवजी लावायचा कृत्रिम थर) वापरत असाल, तर अशा गाडीला वर्षातून एकदाही चालतं.

वेळ निवडायची तर एक हात मेअखेरीला, पावसाळा लागायच्या आधी, आणि दुसरा ऑक्टोबरात, हवा कोरडी झाल्यावर.

तरीही तारखेपेक्षा पाण्यावर भरवसा ठेवा. गाडी धुतल्यावर बॉनेटवर स्वच्छ पाणी शिंपडा. थेंब गोल, फुगीर उभे राहिले आणि ओघळून गेले, तर वॅक्स आहे. पाणी पसरट होऊन चिकटून बसलं, तर ते गेलंय. ही परीक्षा न धुतलेल्या गाडीवर घेऊ नका. वॅक्स शाबूत असलं तरी वर धुळीचा थर असेल तर पाणी पसरतंच, आणि माणूस उगाच डबी उघडतो. टप आणि बॉनेट यांवरचं वॅक्स आधी जातं, दारांवरचं बरंच उशिरा. तेव्हा मधल्या काळात फक्त टप-बॉनेटवर एक हात मारला की झालं, पूर्ण गाडीचं काम काढण्याची गरज नाही.

जास्त वेळा लावल्याने संरक्षण वाढत नाही. नव्या थरातलं द्रावण जुना थर थोडा विरघळवतं, म्हणून दोन हातांपलीकडे जाडी फारशी चढत नाही. शिवाय प्रत्येक वेळी कापड सगळ्या गाडीवरून फिरतं. रंगावरचा पारदर्शक क्लिअरकोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ असतो. कापडात अडकलेला धुळीचा कण त्यावरच ओरखडे काढतो, आणि गडद निळ्या रंगावर ते सगळ्यात आधी दिसतात.

एक गोष्ट मात्र खरेदी करतानाच तपासा. बाजारात ‘वॅक्स पॉलिश’ किंवा ‘क्लीनर वॅक्स’ नावाने मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांमध्ये घासणारी बारीक पूड असते. अंगठा आणि तर्जनीमध्ये थेंबभर घेऊन चोळा. जराही खरखर लागली तर ते दर सहा महिन्यांनी लावायचं नाही. पूड फार बारीक असली तर हाताला कळणारही नाही, म्हणून डबीवरचा मजकूरही वाचा. अशा पुडीने दरवेळी थोडा क्लिअरकोट निघतो, आणि तो परत येत नाही.

प्रश्न : वॅक्स पुसल्यावर पांढुरके पट्टे आणि ढगाळ डाग राहतात. कितीही घासलं तरी जात नाहीत. वॅक्स खराब आहे का? (नाशिक)

उत्तर : डबी बहुतेक चांगलीच असेल. शंभरातल्या नव्वद वेळा थर जाड लागलेला असतो. मध्यम आकाराच्या गाडीला एका हाताला साधारण २० ते २५ ग्रॅम वॅक्स पुरतं. म्हणजे २०० ग्रॅमची डबी आठ-दहा वेळा यायला हवी. ती दोन-तीनदा लावून संपत असेल, तर तुमच्या पट्ट्यांचं कारण सापडलं.

पद्धत अशी. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी (१० लिटरला ३० मिली किंवा बाटलीवर दिलं असेल तेवढं) आणि दुसरीत फडका खंगाळायला साधं पाणी. टपापासून खाली धुत या. दरवाजांची तळची पट्टी आणि चाकांजवळचा भाग शेवटी, वेगळ्या फडक्याने. भांड्यांचं लिक्विड वापरू नका, ते असलेलं वॅक्सही काढतं.

मग वाळवणं. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. आरशांच्या फटीत, दरवाजांच्या हँडलमागे, नंबरप्लेटखाली पाणी साठून राहतं आणि वॅक्स लावताना नेमकं बाहेर ओघळतं. दारं उघडझाप करा, आरसे दाबून पाणी काढा, आणि गाडी सावलीत अर्धा तास तशीच ठेवा. पत्रा हाताला थंड लागायला हवा. उन्हातून आणून लगेच लावलं, तर द्रावण क्षणात उडून जातं आणि वॅक्स तिथल्या तिथे सुकून बसतं.

एखाद्या जागी पत्रा धुतल्यावरही खडबडीत लागतोय का, ते बघायला हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बोटांनी हलकेच फिरवा. कण हाताला टोचल्यासारखे लागतील. तेवढ्याच भागावर क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी), भरपूर शाम्पूच्या पाण्यासोबत, अजिबात दाब न देता फिरवा. क्ले जमिनीवर पडला तर टाकून द्या, धुऊन परत वापरू नका. गॅरेजातल्या गाडीला वर्षातून एकदा पुरे, कधी तेवढंही लागत नाही.

आता वॅक्स. फोमचा पॅड किंचित ओला करून घट्ट पिळा. डबीवर एकदा फिरवला की निम्म्या बॉनेटला पुरतो. थर इतका पातळ हवा की लावलेलं जेमतेम दिसावं. एक-एक भाग घ्या: बॉनेट, मग एक दार, मग दुसरं. पाच ते दहा मिनिटांनी बोट फिरवून बघा. बोटामागे स्वच्छ चकचकीत रेघ उमटली, तर पुसायला तयार. रेघ चिकटून फासली गेली, तर अजून थांबा. दमट दिवसांत या वेळेची दुप्पट धरा. पुसायला ३०० ते ४०० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचे) दोन मायक्रोफायबर कपडे हवेत. एकाने काढायचं, दुसऱ्या कोरड्याने शेवटचा हात. पहिला कपडा वॅक्सने भरला की बाजू बदला, नाहीतर तो पुसण्याऐवजी पसरवत राहतो.

आधीच बसलेल्या पट्ट्यांवर जोर लावू नका. त्याच भागावर तेच वॅक्स अगदी पातळ लावा आणि सुकू न देता लगेच पुसा. त्यातलं द्रावण जुना थर मऊ करतं, बरेचसे पट्टे निघून जातात. काळ्या प्लास्टिकवर वॅक्स चढलं असेल, तर मऊ टूथब्रश आणि शाम्पूचं पाणी वापरा. पुढच्या वेळी आधीच मास्किंग टेप लावा. समोरच्या काचेला वॅक्स नको, वायपर फरफरतो आणि पावसात रात्री दिसणं कठीण होतं.

प्रश्न : सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये वरच्या स्लॅबमधून पाणी ठिबकतं. बॉनेटवर पांढरे गोल डाग पडलेत, धुऊन जात नाहीत. जास्त वॅक्स लावलं तर थांबतील का? (ठाणे)

उत्तर : थांबणार नाहीत. काँक्रीटमधून झिरपणारं पाणी सोबत चुना घेऊन येतं आणि ते तीव्र अल्कधर्मी असतं. वाळल्यावर त्याचा पांढरा थर बसतो, आणि खाली ते क्लिअरकोट कुरतडत राहतं. वॅक्समुळे तुम्हाला पुसायला थोडा वेळ मिळतो, एवढंच. नव्या थेंबाला काही दिवसांत आवरलं नाही, तर डागाखाली खळगा पडतो.

पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळा. त्यात भिजवलेला मऊ कपडा डागावर दोन-तीन मिनिटं ठेवा, मग न घासता उचलून भरपूर पाण्याने धुवा. गरज पडली तर आणखी एक-दोनदा. आधी एखाद्या लपलेल्या कोपऱ्यावर करून बघा, पत्रा थंड असू द्या, आणि क्रोमला लागू देऊ नका. पांढरं निघालं, तरी गोल कडा बोटाला लागत असेल, तर रंग खरोखर खाल्ला गेलाय. बारीक पॉलिशने थोडं कमी होईल, खोल असेल तर बॉडीशॉपचं काम. व्हिनेगर लावलेल्या जागेवरचं वॅक्सही जातं, म्हणून तिथे पुन्हा हात मारा.

आणि ठिबकणाऱ्या जागेखाली उतरता पत्रा बसवून पाणी बाजूला काढायची सोय सोसायटीकडून लेखी मागा. दुरुस्ती होईपर्यंत दुसरी जागा मिळत असेल, तर आजच गाडी हलवा.

प्रश्न : गाडी महिनोन्महिने उभी, पण पुसणारे दादा रोज सकाळी कोरडं फडकं मारतात. असू दे का? (मुंबई)

उत्तर : बंद करा. न फिरणाऱ्या गाडीच्या रंगाचं सगळ्यात मोठं नुकसान यानेच होतं. रात्रभर बसलेली धूळ कोरड्या फडक्याखाली दळली जाते, आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर त्यात वाळू आणि सिमेंटही असतं. मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर तिरका धरा. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतील, त्या रोजच्या पुसण्याच्या आहेत. वॅक्सने त्या जरा झाकल्या जातात, जात मात्र नाहीत.

दादांचे पैसे कापू नका, काम बदला. पंधरा दिवसांतून एकदा पाण्याने नीट धुणं, आणि मध्ये फक्त काचा. त्यांना दोन मायक्रोफायबर कपडे तुम्हीच आणून द्या, एक फक्त चाकांसाठी, एक बॉडीसाठी, वेगळ्या रंगांचे. चकाकीसाठी फडक्याला रॉकेल किंवा डिझेल लावायची पद्धत अजूनही दिसते. त्याच्या तेलकट थरावर धूळ दुप्पट बसते आणि दारांचं रबर फुगतं. ती तर लगेच थांबवा.

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी घरी जपून ठेवलीय. रंग मळकट-खडूसारखा झालाय, कपडा फिरवला की कपड्यालाच रंग लागतो. वॅक्स लावायचं की नाही? (कोल्हापूर)

उत्तर : लावायचं, पण आधी पॉलिश. कपड्याला रंग लागतो, याचा अर्थ रंगावर क्लिअरकोट नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाड्यांना एकाच टप्प्याचा रंग असे, वर पारदर्शक थर नसे. वरची कातडी हवेने जुनी होऊन खडूसारखी होते. खाली चांगला रंग असतो, पण त्याचा साठा मर्यादित आहे आणि दर पॉलिशला थोडा संपतो.

म्हणून काम हातानेच करा, रबिंग कंपाउंड (जोरात घासणारी पेस्ट) घेऊ नका. अगदी सौम्य पॉलिश, एका वेळी फूटभर जागा, हलका हात. बॉनेटचे कंगोरे, मडगार्डच्या कडा, जिथे पत्रा वळतो तिथे आधी टेप लावा, कारण तिथे रंग सगळ्यात पातळ असतो आणि खालचा प्रायमर दिसायला चार फेरेही लागत नाहीत. कपड्यावरचा रंग फिका पडत चालला की थांबा. चमक परिपूर्ण यायलाच हवी, असा आग्रह धरू नका. त्यानंतर कार्नाबा, एक दिवसाच्या अंतराने दोन पातळ हात. पुढे वर्षातून दोनदा नुसतं वॅक्स. पॉलिश मात्र कित्येक वर्षं परत काढू नका.

क्रोमच्या बंपरलाही तेच वॅक्स पातळ लावा. क्रोमला बारीक छिद्रं असतात आणि गंज तिथूनच फुटतो.

प्रश्न : नुकतंच एक दार बॉडीशॉपमध्ये रंगवून आणलं. वॅक्स लगेच लावावं का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बॉडीशॉपने वेगळं काही सांगितलं नसेल, तर ६० ते ९० दिवस थांबा. रंगातलं द्रावण या काळात हळूहळू बाहेर पडत असतं, वर वॅक्सचा थर बसला तर ते अडकतं. धुवायला हरकत नाही.

प्रश्न : रत्नागिरीच्या घरी गाडी पावसाळ्याचे चार महिने बंद असते. वॅक्स लावून वर प्लास्टिकचं कव्हर टाकलं, की निर्धास्त व्हावं का? (रत्नागिरी)

उत्तर : प्लास्टिकचं कव्हर नको. बंद, दमट गॅरेजात त्याखाली पाणी सुटतं आणि आठवडेच्या आठवडे पत्र्याला चिकटून राहतं. सुती, हवा खेळणारं कव्हर टाका, तेही स्वच्छ धुतलेल्या आणि पूर्ण वाळलेल्या गाडीवरच. धुळीवर कव्हर ओढलं तर ओरखडे ठरलेले.

वॅक्स बाहेरून दिसणाऱ्या रंगापुरतं काम करतं. किनाऱ्यावरच्या खारट हवेत गंज लागतो तो दरवाजांच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीत, डिकीच्या रबराखाली, आणि तिथे वॅक्स पोचत नाही. दरवाजांच्या तळाशी पाणी जायला लहान छिद्रं असतात, ती लाकडी काडीने मोकळी करा. चाकांच्या कमानीतला चिखल मेमध्येच धुऊन टाका, आणि नंतर वीस-तीस मिनिटं गाडी फिरवून सगळं वाळू द्या.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात ब्रेक चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावा. बॅटरी मल्टीमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करा. दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करू नका. सायलेन्सरमध्ये पाणी जमतं आणि ते वाळायला तेवढी उष्णता मिळत नाही. शक्य असेल तर पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस उघडलेल्या दिवशी, अर्धा तास नीट फिरवा. परतल्यावर गाडी ओली असेल, तर गॅरेजचं दार आणि गाडीच्या काचा थोडा वेळ उघड्या ठेवा आणि मगच कव्हर घाला.