तणनाशक तण मारतं, मग मका कसा वाचतो?

तुमचा प्रश्न असा की अ‍ॅट्राझीन हे तणनाशक मका आणि तण दोघांवर पडतं, तरी मका कसा वाचतो. औषध मक्यात शिरतच नाही का?

शिरतं की! मुळांतून, पानांतून व्यवस्थित आत जातं. फरक पडतो तो त्यानंतर. मक्याच्या पेशींत ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज नावाचं विकर (एन्झाइम) भरपूर असतं. ते अ‍ॅट्राझीनच्या रेणूवरचा क्लोरीन काढून त्या जागी ग्लुटाथायोन हा पेशीतलाच एक रेणू बसवतं. हरितलवकातल्या ज्या प्रथिनाला चिकटून अ‍ॅट्राझीन प्रकाशसंश्लेषण बंद पाडतं, त्याला हा नवा, बोजड रेणू चिकटू शकत नाही आणि प्रकाशसंश्लेषण चालू राहतं. मग तो रेणू रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, ढकलला जातो. (झाडाला लघवीची सोय नाही, कचरा घरातच ठेवावा लागतो.) गव्हात हे काम बऱ्याचदा सायटोक्रोम पी४५० हे दुसरं विकर सुरू करतं: रेणूला ऑक्सिजन जोडायचा, मग त्यावर ग्लुकोज चढवायचं. अशी विकरं तणातही असतात, पण कमी किंवा संथ. औषध मोडायच्या आत तण मरतं, एवढंच.

हे किती नाजूक आहे ते भातात दिसतं. भातातलं अ‍ॅरिल अ‍ॅसिलअमिडेज हे विकर प्रोपॅनिल या तणनाशकाचे सरळ दोन तुकडे करतं. भातातलं तण असलेल्या साव्याला ते पुरेशा वेगानं जमत नाही. पण प्रोपॅनिलच्या आगेमागे कार्बारिल किंवा एखादं ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक मारलं, की हेच विकर अडतं आणि भातही करपतो. एकटं कीटकनाशक भाताला काही करत नाही, त्यामुळे खापर भलत्यावरच फुटतं. थंडीत किंवा पीक ताणात असतानाही औषध मोडायचा वेग मंदावतो आणि पीक पिवळं पडतं. गव्हाच्या क्लोडिनाफॉप या तणनाशकात क्लोक्विंटोसेट घालतात ते याचसाठी. ते गव्हाची ही विकरं वाढवतं.

ग्लायफोसेट या तणनाशकाचं मात्र वेगळं. ते बहुतेक झाडांना फारसं मोडता येत नाही. ग्लायफोसेट सहन करणाऱ्या पहिल्या जीएम (जनुक बदललेल्या) सोयाबीननं ते मोडलंही नाही. झाडाच्या ज्या विकराला चिकटून ग्लायफोसेट त्याला मारतं, त्याच कामाचं जिवाणूचं विकर या सोयाबीनमध्ये बसवलं होतं, ज्याला ग्लायफोसेट चिकटत नाही.

आणि तणही शिकतं. वर्षानुवर्षं प्रोपॅनिल मारलेल्या शेतांत असा सावा निघाला आहे, ज्याच्यात भातासारखंच अ‍ॅसिलअमिडेज जोरात चालतं. कार्बारिल मिसळून तो मारता येतो, पण त्याच फवाऱ्यात भाताचंही विकर अडतं.