पिसाचा पंख

प्रश्न : मी मुलुंडला राहतो. गळाने मासे धरायचा नाद आहे, आता घरीच फ्लाय (गळावर पिसं, केस धाग्याने बांधून केलेलं नकली आमिष) बांधायला शिकतोय. फ्लायच्या ‘विंग’साठी आजवर कोंबड्याच्या मानेवरच्या पिसांची टोकं लावायचो. सध्या बदकाच्या पिसाच्या पट्ट्या जोडीने लावून विंग करून पाहतोय. वहीत मराठीत नोंदी करताना विंगला पंख म्हणू की पीस? आणि फ्लायला माशी म्हटलं तर चालेल का?

उत्तर : विंगला पंखच म्हणा. मात्र बदकाकडून आलेल्या मालाला कटाक्षाने पीस म्हणा, नाहीतर पुढे वही तुम्हालाच उलगडायची नाही. एरवी बोलताना आपण हा भेद पाळत नाही. मोरपीसही म्हणतो, मोरपंखही. आणि रंग तर मोरपंखीच. संस्कृतातल्या ‘पक्ष’लाही दोन्ही अर्थ आहेत. पण तुमच्या कामात पंख पिसातून घडवायचा, आणि ते पीस पुन्हा बदकाच्या पंखातलंच! एक पट्टी डाव्या पंखातल्या पिसाची, दुसरी उजव्या पंखातल्या पिसाची घेतली, तरच दोन्हींचे बाक एकमेकींना तोलतात. तिथे नुसतं ‘डावा पंख’ लिहिलंत, तर तो बदकाचा की फ्लायचा? ‘डाव्या पंखातलं पीस’ लिहिलं की प्रश्न मिटला.

क्रियापद मी ‘बसवणे’ घेईन. फ्लाय बांधतात, पंख बसवतात. नेहमीसारखा धागा आवळत गुंडाळला, तर पट्ट्या गळाच्या दांडीवरून पलीकडे कलंडतात. म्हणून दोन्ही पट्ट्या दांडीवर चिमटीत धरायच्या, धागा चिमटीतूनच सैल वर न्यायचा, पलीकडून खाली आणायचा आणि मग सरळ खाली ओढायचा. तोवर चिमूट ढिली करायची नाही. तंतू जागच्या जागी एकावर एक दबतात. या युक्तीला ‘चिमटीचा वेढा’ म्हणा, हात काय करतो ते नावातच येतं.

माशी मात्र नको. सगळ्या फ्लाय काही किड्यांच्या नकला नसतात. क्लाउझर मिनो ही छोट्या मासळीची नक्कल, आणि तिचा पंख बहुधा हरणाच्या शेपटीच्या केसांचा. म्हणजे तिथे पीस नसलं तरी पंख आहेच. शिवाय ‘मासा’चं सामान्यरूप ‘माशा’ आणि ‘माशी’चं अनेकवचन ‘माश्या’. ‘माशांना माश्या दाखवल्या’ हे वाक्य व्याकरणात चोख बसतं, पण घाईच्या अक्षरात तो ‘य’ हमखास गळणार. तेव्हा फ्लायला फ्लायच राहू द्या.