एसी गळतो, पण पाणी येते कुठून?

प्रश्न : आमच्या शयनगृहात दीड टनाचा स्प्लिट एसी असून त्याचा हा तिसरा उन्हाळा आहे. खोली छान गार होते. मात्र रात्री एसी लावल्यानंतर सुमारे दोन तासांनी इनडोअर युनिटच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी ठिबकू लागते. भिंतीच्या रंगाला पोपडे आले आहेत. पाइपातून बाहेर येणारे पाणी कुंड्यांना घालता यावे म्हणून यंदापासून आम्ही त्याचे टोक बाल्कनीतल्या बादलीत सोडले आहे. मेकॅनिकने पाहताक्षणीच ‘गॅस कमी झाला आहे, भरावा लागेल’ असे सांगितले. गॅस भरून घ्यावा काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : इतक्यात भरून घेऊ नये. आपण जाता जाता ज्या बादलीचा उल्लेख केला आहे, माझा पहिला संशय तिच्यावरच आहे.

एसीमध्ये पाणी बाहेरून भरलेले नसते. खोलीतील दमट हवा थंड कॉइलवरून जाते तेव्हा तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, ते कॉइलखालच्या ट्रेमध्ये साचते आणि ड्रेन पाइपातून केवळ उताराच्या जोरावर बाहेर जाते. आपल्याकडच्या दमट हवेत दीड टनाच्या एसीतून तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज निघते. तेव्हा पाणी तयार होणे हा बिघाड नव्हे, त्याची वाट अडणे हा बिघाड होय. ट्रेची खोली जेमतेम दोन बोटे असल्यामुळे त्यातील पाण्याला फारसा जोर नसतो. पाइपाचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडाले की आतली हवा कोंडते, ट्रेमधील पाण्याला तिला रेटता येत नाही आणि ते ट्रेच्या काठावरून भिंतीवर उतरते. पहिले दोन तास काही होत नाही, याचा अर्थ तेवढ्या वेळात बादलीतले पाणी टोकापर्यंत चढत असावे.

आज रात्री गळती सुरू झाली की बाल्कनीत जाऊन पाइपाचे टोक पाण्याबाहेर उचलून पाहावे. ‘गुडगुड’ असा आवाज होऊन पाण्याचा लोंढा आला, तर निदान झाले; टोक बादलीच्या काठावर, पाण्यापासून चार बोटे वर बांधून टाकावे. पाइपाला मध्येच कुठे झोळ पडला असेल, तर तोही काढावा, कारण त्या झोळात साचलेले पाणी हेच काम करते.

टोक उचलूनही बाहेर थेंब येत नसेल आणि आत मात्र ठिबकत असेल, तर पाइप तुंबला आहे असे समजावे. धूळ आणि ओल यांमुळे आत शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो. बाहेरच्या टोकातून हवा मारण्याचा मोह टाळावा, तो गाळ उलटा ट्रेमध्ये आणि तिथून आपल्या भिंतीवर येतो. ओले-कोरडे दोन्ही चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने त्याच टोकातून ओढून घेतल्यास तो निघतो. बाहेर पाणी नीट येत असूनही डावा कोपरा गळत असेल, तर युनिट त्या बाजूला कलले आहे का, हे पाणसळ लावून तपासून घ्यावे.

आता गॅसविषयी. गॅस कमी झाला तर कॉइल अतिथंड होऊन तिच्यावर बर्फ धरतो व तो वितळताना पाणी गळते, हे खरे आहे. पण तशा वेळी खोली नीट गार होत नाही, आणि आपली होते. शिवाय फिल्टरची जाळी धुळीने भरली तरी हवा अडून नेमका असाच बर्फ धरतो, म्हणून एसी बंद करून पुढचे झाकण उघडावे, जाळ्या नळाखाली धुऊन सावलीत वाळवाव्यात. गॅस हा पेट्रोलसारखा वापराने संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरतो. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरलेला गॅस पुढच्या हंगामापर्यंत टिकेलच असे नाही. दाब न मोजता, सांध्यांना साबणाचे पाणी न लावता केलेले निदान मला तरी पटत नाही.

प्रश्न : एसीतून निघणारे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालता येईल का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : घालू नये. त्यात क्षार कमी असतात, म्हणून अनेकांना ते डिस्टिल्ड पाण्याच्या तोडीचे वाटते. परंतु ते कॉइलच्या पत्र्यांवरची धूळ, धातूचे कण आणि ट्रेमधला बुळबुळीतपणा सोबत घेऊन येते. ते लादी पुसायला किंवा शोभेच्या झाडांना वापरावे. ते पिऊही नये. बादली मात्र रोज रिकामी करावी, त्यात डास अंडी घालतात.